‘नाताळ’ हा शब्द मराठीत आला कुठून, आणि राहिला कसा?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की बेळगावात एकाच रस्त्यावर एकाच सणाची तीन नावं वाचायला मिळतात. बेकरीच्या काचेवर इंग्रजीत ‘मेरी ख्रिसमस’, पुढच्या कमानीवर कन्नडमध्ये ‘क्रिसमस हब्बद शुभाशयगळु’, आणि त्याच्या शेजारी मराठी मंडळाचा फलक, ‘नाताळच्या हार्दिक शुभेच्छा’. गोव्यात उतरलं तर कोकणीतही नाताळच. वडोदऱ्याला गेलं तर गुजराती शेजारी ‘नाताल’ म्हणतो. इंदूर-ग्वाल्हेरकडे मात्र जुनी माणसं ‘बडा दिन’ म्हणतात आणि घरी मराठी बोलणारे त्यांच्याशी बोलताना ‘बडा दिन’ आणि आपसात ‘नाताळ’ असे दोन शब्द बिनतक्रार वापरतात.

ख्रिसमस हा शब्द इंग्रजीतून आला, हे सांगायला कुणी लागत नाही. बडा दिन म्हणजे मोठा दिवस, हेही उघड आहे. पण नाताळ म्हणजे काय? हा शब्द मराठी वाटतो, ‘उन्हाळा’, ‘सकाळ’, ‘दुष्काळ’ यांच्या पंगतीत सहज बसतो, त्यात अस्सल ‘ळ’ आहे. तरी त्याची फोड करायला गेलं तर हाती काही लागत नाही. ‘नात’ आणि ‘आळ’ असे तुकडे पाडून अर्थ लावणारे भेटतात, पण ती नुसती शब्दांची गंमत झाली. हा शब्द समुद्रावरून आला आहे आणि त्याच्या अंगावर त्या प्रवासाच्या खुणा अजून आहेत.

पोर्तुगीज भाषेत या सणाला ‘नाताल’ म्हणतात. तो शब्द लॅटिनमधल्या ‘नातालिस’वरून आला. नातालिस म्हणजे जन्माचा, जन्मासंबंधीचा. पुढे ‘दीएस’ म्हणजे दिवस हा शब्द जोडला की ‘दीएस नातालिस’, जन्मदिवस. एवढाच अर्थ. त्यात ख्रिस्ताचं नाव नाही, देवाचं नाही, सणाचंही नाही. कुणाचा जन्म हे सांगायचीच गरज नाही इतका तो जन्म ठळक, असं बोलणाऱ्यांनी धरलं होतं. आपल्याकडे नुसतं ‘अष्टमी’ म्हटलं की श्रावणात गोकुळाष्टमीच समजायची, तसंच काहीसं.

एकाच लॅटिन मुळाची ही पोरं युरोपभर पसरली आहेत. इटालियनमध्ये ‘नाताले’, फ्रेंचमध्ये झिजून झिजून ‘नोएल’, स्पॅनिशमध्ये त्याच घराण्यातला ‘नाविदाद’. नोएल, नॅटली, नताशा ही माणसांची नावंही याच शब्दातून निघाली.

इस्पितळ आणि नाताळ

शब्द पोर्तुगिजांकडून आला, इंग्रजांकडून नाही, हे कशावरून? इतिहास बाजूला ठेवला तरी नुसत्या उच्चारावरून ते कळतं. इंग्रजीतून आलेल्या शब्दांतला ‘टी’ मराठीत बहुधा ‘ट’ होतो. टेबल, स्टेशन, मोटार, पोस्ट. पोर्तुगीज ‘त’ मात्र आपल्या ‘त’सारखा दातांवर जीभ टेकवून उच्चारला जातो, म्हणून पोर्तुगीज ‘त्रोंकु’चा ‘तुरुंग’ झाला. नाताळमधला ‘त’ त्याच जातीचा. (बटाटा या नियमाला जुमानत नाही. पोर्तुगीज ‘बाताता’चे दोन्ही ‘त’ मराठीने ‘ट’ करून टाकले. भाषेचे नियम असेच असतात.)

शेवटचा ‘ळ’ त्याहून बोलका आहे. पोर्तुगालमधले लोक शब्दाच्या शेवटी येणारा ‘ल’ जीभ मागे ओढून जाडसर उच्चारतात. तो साध्या ‘ल’पेक्षा वेगळा ऐकू येतो. कोकण किनाऱ्यावरच्या कानांना तो ‘ळ’च्या जवळचा वाटला असावा, कारण असाच बदल आणखी एका ओळखीच्या शब्दात दिसतो. पोर्तुगीज ‘हॉस्पिताल’चं मराठीत ‘इस्पितळ’ झालं. पुढे तोच शब्द इंग्रजीतून दुसऱ्यांदा आला तेव्हा ‘हॉस्पिटल’ झाला. इस्पितळ आणि हॉस्पिटल शेजारी ठेवून पाहा: एकात ‘त’ आणि ‘ळ’, दुसऱ्यात ‘ट’ आणि ‘ल’. एकच शब्द दोन दारांनी घरात आला आणि कुठलं दार कुठलं ते अक्षरांवरून ओळखता येतं. नाताळ हा इस्पितळाच्या दाराने आलेला आहे.

त्या दाराने आणखी पुष्कळ माल आला. पाव, काजू, चावी, बादली, घमेलं, पगार, लिलाव, हापूस. यातला एकही शब्द आज कुणाला परका वाटत नाही. ‘लिलाव’ शब्द परका म्हणून ग्रामपंचायतीने गाळ्यांचा लिलाव थांबवल्याचं ऐकिवात नाही.

अशा शब्दांची पद्धतशीर जंत्री केली ती गोव्याच्याच एका माणसाने. सेबास्तियांव रोदोल्फो दालगाद हे १८५५ साली बार्देशातल्या आसगावात जन्मलेले धर्मगुरू आणि भाषापंडित. आशियातल्या भाषांत पोर्तुगीज शब्द कुठे कुठे आणि कोणत्या रूपात शिरले याचा त्यांचा मोठा ग्रंथ १९१३ साली निघाला. त्याचं इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये प्रसिद्ध झालं ते वडोदऱ्याहून, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत. भाषांतरकार ए. एक्स. सोआरिश बडोदा कॉलेजात प्राध्यापक होते. गोव्यातल्या माणसाने लिहिलेला, पोर्तुगीज शब्दांवरचा ग्रंथ सयाजीरावांनी सुरू केलेल्या ग्रंथमालेतून इंग्रजीत यावा, हा योग आहे.

जिथे जहाजं, तिथे नाताळ

नकाशा उघडून बसलं तर हा शब्द पोर्तुगीज जहाजांच्या मागोमाग फिरलेला दिसतो. श्रीलंकेत सिंहली लोक या सणाला ‘नत्तल’ म्हणतात. इंडोनेशियात तो ‘नाताल’ आहे. हा देश पुढे कितीतरी काळ डचांच्या ताब्यात होता, पण सणाचं नाव डच झालं नाही. गुजरातीत नाताल आहे, कारण दीव, दमण आणि खंबातच्या आखातातला व्यापार. मराठी-कोकणीत नाताळ आहे, कारण गोवा, चौल, वसई. आणि जिथे पोर्तुगिजांचा पाय फारसा टिकला नाही त्या हिंदी मुलखात ‘बडा दिन’, बंगालीतही त्याच अर्थाचा ‘बॉडोदिन’.

काही ठिकाणी तर हा शब्द जमिनीलाच चिकटला. १४९७ च्या नाताळात वास्को द गामाची जहाजं भारताच्या शोधात आफ्रिकेच्या दक्षिण-पूर्व किनाऱ्यावरून जात होती. सण होता म्हणून त्या किनाऱ्याचं नाव नाताल पडलं. हेच ते नाताळ, जिथे मोहनदास गांधी नावाचे तरुण बॅरिस्टर १८९३ मध्ये उतरले आणि जिथे त्यांनी १८९४ मध्ये ‘नाताळ इंडियन काँग्रेस’ उभी केली. शाळेच्या पुस्तकात हे नाव वाचताना त्याचा सणाशी संबंध आहे हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. ब्राझीलमध्येही नाताल नावाचं शहर आहे. २५ डिसेंबर १५९९ ला त्याची स्थापना झाली, म्हणून ते नाव.

जन्म म्हणजे कोणता जन्म?

इथपर्यंतची गोष्ट सोपी आहे: जन्मदिवस, पोर्तुगीज, जहाज, मराठी. पण नातालिस हा शब्द ख्रिस्ती झाला कसा, ती गोष्ट जरा वळणाची आहे आणि तीच जास्त सांगण्यासारखी.

रोमन लोकांत नातालिस हा रोजचा शब्द होता. घरच्या कर्त्या माणसाचा नातालिस, सम्राटाचा नातालिस. शहरांनाही वाढदिवस असत. २१ एप्रिल हा रोम नगरीचा नातालिस. या दिवशी देवाला धूप, फुलं, मद्य वाहायचं आणि जेवणं घालायची. साहजिकच सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना वाढदिवस हा प्रकारच मूर्तिपूजकांचा वाटे. तिसऱ्या शतकातला ओरिजेन हा मोठा ख्रिस्ती विचारवंत तर म्हणे की शास्त्रात वाढदिवस साजरा करणारे सापडतात ते पापी लोकच, एक इजिप्तचा फारो आणि दुसरा हेरोद राजा. म्हणजे ज्या धर्माचा सगळ्यात गाजणारा सण आज जन्मदिवस आहे, त्याच धर्मात एके काळी वाढदिवसाला नाकं मुरडली जात.

मग त्यांनी या शब्दाचं काय केलं? त्यांनी तो उलटा केला. धर्मासाठी ज्यांनी प्राण दिले त्यांच्या मृत्यूच्या दिवसाला ते ‘जन्मदिवस’ म्हणू लागले. देहाचा जन्म हा खरा जन्म नव्हे, मरणानंतर देवाघरी जो जन्म होतो तो खरा, असा त्यामागचा भाव. स्मर्ना शहरचा म्हातारा धर्मगुरू पॉलिकार्प याला दुसऱ्या शतकात मारण्यात आलं. तिथल्या ख्रिस्ती मंडळीने त्या घटनेचा जो वृत्तांत लिहून ठेवला त्यात त्याच्या बलिदानाच्या दिवसाला जन्मदिवसच म्हटलं आहे. हुतात्म्याच्या थडग्याशी जमायचं, प्रार्थना करायची, आणि त्या दिवसाला नातालिस म्हणायचं, अशी रीत पडली.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. वारकरी परंपरेत ज्ञानोबांचा मोठा सोहळा आळंदीला होतो तो समाधीचा, कार्तिक वद्य त्रयोदशीला. तुकोबांची बीज ही वैकुंठगमनाची तिथी. संत कधी जन्मले यापेक्षा ते कधी देवाघरी गेले हे लक्षात ठेवणारी परंपरा दोन्हीकडे आहे. त्यातून दोन धर्मांचा एकमेकांशी संबंध होता असं काही निघत नाही, हे आपलं सांगून ठेवलेलं बरं. असली जुळणी दिसली की लगेच कुणी ‘म्हणजे ते आपल्याकडूनच गेलं’ म्हणायला तयारच असतो.

ही जुनी रीत गोव्यात आजही डोळ्यांसमोर आहे. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त भरतं. बेळगाव, खानापूर, चंदगड, सावंतवाडीकडून माणसं जातात, त्यांत नुसते ख्रिस्ती नसतात, ‘गोंयचो सायब’ म्हणून हात जोडणारे हिंदूही असतात. तो दिवस झेवियरच्या जन्माचा नाही. १५५२ मध्ये ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर त्याचा मृत्यू झाला, तो हा दिवस. जुन्या ख्रिस्ती बोलीत हाच त्याचा नातालिस.

रोमन परंपरेतल्या जवळजवळ सगळ्या संतांचे सण शक्यतो असेच मृत्यूच्या तारखेला धरलेले असतात. देहाचा जन्म म्हणून मोठा सण होतो तो तिघांचाच. एक येशूचा, २५ डिसेंबर. दुसरा त्याची आई मारिया हिचा, ८ सप्टेंबर. गोव्यातलं मोंती फेस्त तेच आणि मुंबईत वांद्र्याची माउंट मेरीची जत्राही त्याच दिवसाला धरून. आणि तिसरा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा, २४ जून, म्हणजे गोव्याचा सांजांव. पहिल्या पावसात डोक्यावर फुला-पानांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारणारी पोरं ज्या जन्माचा आनंद करतात तो हा.

सांजांव आणि नाताळ यांत जवळजवळ सहा महिन्यांचं अंतर आहे, ते योगायोगाने नाही. लूकच्या शुभवर्तमानात सांगितलं आहे की मारियेला देवदूताचा निरोप आला तेव्हा तिची नातलग अलीशिबा सहा महिन्यांची गरोदर होती. अलीशिबेचा मुलगा तो योहान. मारिया तिला भेटायला गेली तेव्हा पोटातल्या मुलाने उडी मारली, असंही तिथेच आहे. विहिरीतल्या उडीचा संबंध गोव्यात या उडीशी लावतात.

आणि २५ तारीख?

येशूचा जन्म कोणत्या तारखेला झाला हे बायबलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. सुरुवातीच्या शतकांत वेगवेगळे लोक वेगवेगळ्या तारखा धरत. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने इसवी सन २०० च्या आसपास नोंदवलेल्या तारखांत मे महिन्यातलीही एक आहे. २५ डिसेंबरची पक्की नोंद रोममध्ये ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात मिळते. त्याच संग्रहात त्याच तारखेला ‘अजिंक्या’चा नातालिस, म्हणजे अजिंक्य सूर्यदेवाचा वाढदिवसही नोंदला आहे.

यावरून अभ्यासकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, सूर्याच्या सणाच्या जागी ख्रिस्ताचा सण बसवला. दिवस पुन्हा मोठा व्हायला लागण्याचा तो काळ, सूर्याचा नवा जन्म. दुसरा तट म्हणतो, तारीख हिशोबाने आली. येशूचा गर्भसंभव २५ मार्चला धरत. त्यात नऊ महिने मिळवले की २५ डिसेंबर. दोन्ही बाजूंकडे पुरावे आहेत आणि वाद मिटलेला नाही. समाजमाध्यमांवर दर डिसेंबरात पहिलं मत अंतिम सत्य म्हणून फिरवलं जातं, तेवढं ते पक्कं नाही. आर्मेनियन चर्च तर आजही जन्माचा सण ६ जानेवारीला करतं, आणि रशियासारख्या देशांतली चर्चं जुन्या पंचांगाने चालतात म्हणून त्यांचा नाताळ आपल्या कॅलेंडरात ७ जानेवारीला येतो.

‘बडा दिन’ या नावाचाही काही जण दिवस मोठा होण्याशीच संबंध लावतात. मोठ्या लोकांचा, म्हणजे साहेबाचा मोठा सण, हा दुसरा अर्थही तितकाच प्रचलित.

ख्रिसमस म्हणजे मिसा

इंग्रजी नाव वेगळ्याच वाटेने गेलं. ख्रिसमस म्हणजे ख्राइस्टस मास, ख्रिस्ताची मिसा. त्या दिवशी चर्चमध्ये होणाऱ्या उपासनेवरून सणाला नाव पडलं. अकराव्या शतकातल्या इंग्रजीत हे नाव लिहिलेलं आढळतं. त्यातला ‘मास’ आणि आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांतला ‘मिसा’ हे एकच. लॅटिन उपासनेच्या शेवटी धर्मगुरू ‘इते, मिस्सा एस्त’ म्हणे, म्हणजे साधारण ‘जा आता, निरोप झाला’. निरोपाच्या त्या शब्दावरूनच सगळ्या विधीला मिसा म्हणू लागले. ‘एक्समस’ असं लिहिलं की ख्रिस्ताचं नाव खोडलं म्हणून काही जण रागावतात. तो ‘एक्स’ म्हणजे ग्रीकमधलं ‘खी’ हे अक्षर. ग्रीकमध्ये ख्रिस्ताचं नाव त्याच अक्षराने सुरू होतं, तेव्हा खोडाखोड कुणी केलेली नाही.

नाताळच्या आदल्या मध्यरात्रीच्या मिसेला पोर्तुगीज भाषेत ‘कोंबड्याची मिसा’ म्हणतात. येशू जन्मला त्या रात्री कोंबडा अवेळी आरवला, अशी दंतकथा आहे.

शब्दाचे नातेवाईक

नातालिसचं मूळ ‘नातुस’, जन्मलेला. लॅटिनच्या जुन्या रूपात तो ‘ग्नातुस’ असा दिसतो. हा ‘ग्न’ पाहिला की भाषा शिकलेल्यांच्या लगेच ध्यानात येतं की हे संस्कृतातल्या ‘जन्’ धातूचं भावंड आहे. जन्म, जात, जननी, प्रजा हे सगळे आपल्या बाजूचे. नातालिस, नेशन, नेचर, रेनेसाँ त्या बाजूचे. सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांच्या तपासणीच्या पाटीवर ‘अँटीनेटल’ लिहिलेलं असतं आणि नवजात बाळांच्या विभागाला ‘निओनेटल’ म्हणतात, त्यातला ‘नेटल’ म्हणजे नाताळच, फक्त इंग्रजी दाराने आलेला. ‘नेटिव्ह’सुद्धा याच कुळातला. साहेब या देशातल्या लोकांना हिणवून नेटिव्ह म्हणे, अर्थ इतकाच की इथे जन्मलेला.

सुरुवातीला ‘नात’ आणि ‘आळ’ अशा फोडीची थट्टा केली खरी, पण एक गोष्ट सांगायला हवी. मराठी ‘नातं’ संस्कृत ‘ज्ञाति’पासून आलं असं मानतात, आणि ज्ञाति शब्दाचं मूळ ‘जाणणे’ की ‘जन्मणे’ यावर अभ्यासकांची दोन मतं आहेत. दुसरं मत बरोबर असेल तर नातं आणि नाताळ यांचं हजारो वर्षांपलीकडचं नातं निघेल.

कोणाचा शब्द?

हा शब्द आणणाऱ्यांचा इतिहास गोड नाही. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला. १५६० ते १८१२ या काळात तिथे, मधली थोडी वर्षं सोडून, धर्मसमीक्षणाचं न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, चाललं. १६८४ मध्ये लोकांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं असा हुकूमही निघाला. तेव्हा नाताळ शब्दाबद्दल बोलताना ‘संस्कृतींचा संगम’ वगैरे गुळगुळीत बोलून चालायचं नाही.

पण शब्द आणला कुणी आणि राखला कुणी, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. फिरंगी निघून गेले. नाताळ गेला नाही, कारण तो साजरा करणारे फिरंगी नव्हतेच. ते तिथलेच शेतकरी, बागायतदार, कोळी होते, घरात सामवेदी आणि वाडवळीसारख्या मराठीच्या बोली बोलणारे. अमेरिकन मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात मुंबई-अहमदनगरकडे काम सुरू केलं. ते इंग्रजी बोलणारे, कॅथलिकही नव्हेत, त्यांचा पोर्तुगिजांशी संबंध नाही. तरी त्यांच्या मंडळ्यांतले मराठी ख्रिस्ती नाताळच म्हणत राहिले.

आज या शब्दाला दोन बाजूंनी धक्के बसतात. शहरी मराठी बोलण्यात तो जुनाट वाटू लागला आहे. वाहिन्यांवर, मॉलमध्ये, शाळेच्या वॉट्सॲप गटावर ख्रिसमस. सीमाभागात तर पोरं इंग्रजी किंवा कन्नड शाळेत जातात, तिथून तोच शब्द घरी येतो. दुसऱ्या बाजूला, शब्द परका म्हणून त्याऐवजी ‘ख्रिस्तजयंती’ लिहावं असं सुचवणारेही आहेत. ख्रिस्तजयंती हा शब्द वाईट नाही, पण तो निमंत्रणपत्रिकेवरचा शब्द आहे. ‘नाताळात या’ म्हणून कुणी पाहुण्यांना सांगतं तसं ‘ख्रिस्तजयंतीत या’ म्हणून सांगत नाही.

यात फक्त एका शब्दाचा प्रश्न नाही. मराठी ख्रिस्ती माणसाला ‘तुम्ही घरी काय बोलता, इंग्लिश का?’ असं अजूनही सर्रास विचारलं जातं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवलं आणि बायबलचं ‘सुबोध बायबल’ हे मराठी रूप सिद्ध केलं. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला झालेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू म्हणून त्यांच्या निवडीला विरोध करणारेही निघाले. ज्या समाजाने सणाचं मराठी नाव कित्येक पिढ्या जिभेवर ठेवलं, त्यालाच मराठीपणाचा दाखला मागायचा, हा प्रकार बेळगाव-खानापूरच्या वाचकांना अनोळखी वाटणार नाही. दाखले मागणं काय असतं हे इथल्यांना चांगलं ठाऊक आहे.

वापराचं म्हणाल तर शब्द पुल्लिंगी आहे: नाताळ आला, नाताळ झाला. ‘नाताळच्या’ आणि ‘नाताळाच्या’ दोन्ही चालतं. लाल डगल्यातला म्हातारा तो नाताळबाबा. कोर्टकचेरीच्या आणि शाळेच्या सुट्टीमुळे मराठीत ‘नाताळात’ म्हटलं की एकच दिवस कळत नाही, वर्षाअखेरचा सगळा आठवडा कळतो. आणि चर्चच्या पंचांगाशीही ते जुळतं. तिथे नाताळचा काळ २५ डिसेंबरला संपत नाही, सुरू होतो, आणि तीन राजांच्या सणापर्यंत चालतो. गोव्यात ६ जानेवारीला रेइश मागुश, चांदोर आणि कांसावलीला त्या तीन राजांच्या मिरवणुका निघतात. तोवर दिलेल्या नाताळच्या शुभेच्छा उशिराच्या धरत नाहीत.